पांढरी तीनवरचं घर

कीबोर्डवर ट्रान्सपोज नावाचं एक बटण असतं. ते ज्या कुणी शोधून काढलं, तो माणूस चुकून कधी भिंगारला आला असता, तर साळवेसरांनी त्याला नगरच्या स्टँडपर्यंत बोलत बोलत पोचवला असता, आणि ते बोलणं ऐकून तो जन्मात पुन्हा वाद्याच्या वाटेला गेला नसता. बटणाचं काम सोपं आहे. गाणाऱ्याचा आवाज उंच असो की खालचा, वाजवणाऱ्यानं आपली बोटं सोयीच्या पांढऱ्या पट्ट्यांवरच ठेवायची आणि बटण दाबायचं. बाकीचं यंत्र बघून घेतं. "म्हंजे," सर म्हणायचे, "खाटेवर पडूनच सगळा गाव फिरायचा!" हे म्हणताना ते इतके तापायचे, की समोरच्याला वाटावं, बटण आपणच शोधलंय. मी त्यांच्यासमोर बरीच वर्षं बसले, त्यामुळे मला हे पुष्कळदा वाटलं आहे.

एलिया साळवे हे त्यांचं पूर्ण नाव. नगरच्या एका शाळेत ते संगीत शिकवायचे आणि मी भूगोल. शिवाय आम्ही दोघं भिंगारचे आणि एकाच चर्चमधले. अंगानं काटकुळे, मान जरा पुढे आलेली, शर्टाच्या खिशात कायम काडेपेटी. विडी-सिगारेटला त्यांनी आयुष्यात हात लावला नाही, पण काडेपेटीमुळे चर्चच्या निम्म्या मंडळीचा त्यांच्यावर संशय होता. सर खुलासा करत नसत. खुलासा करायचा म्हणजे संगीत समजावून सांगावं लागलं असतं, आणि ते ऐकून घेण्याची कुणाची तयारी नव्हती.

शाळेच्या लेखी संगीताचा तास म्हणजे रिकामा तास. कुणाचा अभ्यासक्रम मागे राहिला, की तो संगीताच्या तासाला पुरा व्हायचा. सर स्टाफरूममध्ये येऊन बसायचे आणि पेपराच्या कडेवर बोटं वाजवत राहायचे. वर्षातून एकदाच, स्नेहसंमेलनाला, शाळेला त्यांची आठवण यायची. एका संमेलनात पाहुणे हार घालून घ्यायला उभे, मुलींनी स्वागतगीत धरलेलं, आणि पहिल्या ओळीतच सरांनी हात वर करून गाणं थांबवलं. हातोडी काढली आणि तबला ठोकायला बसले. मुख्याध्यापक खुर्चीमागून वाकून कुजबुजले, "सर, पाहुणे उभे आहेत." सर मान वर न करता म्हणाले, "त्यान्ला बसवा. पोरींचा सा एकीकडं न् तबला तिसरीकडं, असल्या स्वागताला त्यांनी यावं तरी कशाला?" माईक चालू होता. पाहुणे हसले म्हणून निभावलं.

एरवी सरांचं बोलणं अगदी शाळामास्तरी, शुद्ध. राग आला की मात्र कर्जतकडची बोली वर यायची. त्यांचं लहानपण तिकडच्या खेड्यांत गेलं होतं. मला त्यांच्या रागाची सुरुवात ओळखू यायची ती 'न्हाई' या शब्दावरून.

ते निवृत्त झाल्यावर मी त्यांच्याकडे हार्मोनियम शिकायला जाऊ लागले. शाळेत ते मला 'बाई' आणि 'तुम्ही' म्हणायचे. पहिल्या दिवशी मी पेटीसमोर बसले, एक सूर वाजवला, आणि ते म्हणाले, "शैला, तू हे भूगोलासारखं वाजवतेस." तेव्हापासून मी 'तू' झाले ती झालेच.

त्यांचं घर बाजारात, पिठाच्या गिरणीला लागून. गिरणीची मोटर सकाळी सुरू झाली की भिंतीतून एकसारखी घूं येत राहायची. दुसऱ्या माणसानं वैतागून घर बदललं असतं. सर त्या आवाजाला सा धरून मला गायला लावायचे. ज्वारी पडली की मोटर जराशी खाली उतरते असं त्यांचं म्हणणं होतं, आणि मीही उतरावं अशी अपेक्षा. मी कधीच उतरले नाही. मला ज्वारी कळायची ती पिशवी उघडून पाहिल्यावर.

आता ती काडेपेटी. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं होतं, की एका सप्तकात पट्ट्या मोजून बारा, त्यातल्या सात घेऊन एक थाट होतो, मग दुसरं नाव, तिसरं नाव, एवढा पसारा कशासाठी? सरांनी खिशातून काडी काढली आणि पेटीच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीच्या फटीत अशी खोचली, की ती पट्टी दाबलेलीच राहिली. भाता हलवला की तो एक सूर सारखा वाजत राहायचा. "आता नुसत्या पांढऱ्या पट्ट्या वाजव. काळीला हात लावायचा नाही." मी वाजवल्या. सकाळच्या प्रार्थनेसारखं सरळ, उजेडाचं काहीतरी ऐकू आलं. मग त्यांनी काडी उपसून तिसऱ्या पांढऱ्या पट्टीत खोचली. पांढरी तीन, पेटीवाल्यांच्या भाषेत. "आता वाजव. त्याच पट्ट्या. फक्त निघायचं इथनं न् परत यायचं इथंच." मी वाजवल्या.

"काय फरक पडला?"

"पट्ट्या त्याच आहेत, सर," मी म्हणाले.

त्यांनी भाता सोडून दिला. "न्हाई," ते म्हणाले, आणि मी ओळखलं.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी आजही कुणालाही सांगू शकते, इतकं ते स्वच्छ होतं. "तू माहेरी जातेस ना? बाई तीच. साडी तीच. मंगळसूत्र तेच. पण माहेरच्या ओट्यावर तू जशी बसतेस, तशी सासरच्या ओट्यावर बसतेस का? न्हाई ना? का न्हाई? तुझ्यातलं एक बोटसुद्धा बदललेलं न्हाई. घर बदललं. सूर तेच सात. काडी पहिलीवर असली की बिलावल, दुसरीवर नेली की काफी, तिसरीवर भैरवी, चौथीवर नेलीस तर यमन उभा राहतो. इंग्रज लोकांनीबी हेच केलंय, नावं तेवढी निराळी. सूर कुठले हे कुणीबी वाचून सांगंल. घर कुठं हाय ते कानानंच हुडकावं लागतं."

"आणि सातवीवर?"

"तिथं घर बांधायला जाऊ नको. तिथला पंचमच मोडका आहे."

मला सगळं पटलं. मी घरी जाऊन नवऱ्याला समजावून सांगितलं, वर्गात मुलांना सांगितलं. डोक्यात लख्ख बसलं होतं. कानात मात्र काही म्हणता काही नाही. सर पाठमोरं बसवून काडी कुठल्या तरी पट्टीत खोचायचे, वाजवायचे आणि विचारायचे, "घर कुठाय?" मी अंदाजानं सांगायची. बरोबर आलं तर ते आणखी चिडायचे, कारण अंदाज त्यांना ओळखू यायचा. किती संध्याकाळी मी त्या घरातून दात-ओठ खात बाहेर पडले! चाळिशी ओलांडलेली बाई, वीस वर्षं मुलांना अक्षांश-रेखांश शिकवलेले, आणि एक सूर कुठे येऊन टेकतो एवढं कळू नये? मार्थाकाकू, म्हणजे सरांच्या पत्नी, दारात मला म्हणायच्या, "तू मनाला लावून घेऊ नकोस गं. मला तर लग्नापासनं विचारतायत." काकू गेल्या त्या वर्षीही मी शिकतच होते आणि येत काहीच नव्हतं.

सरांना इतकं कशाचं पडलं होतं, हे मला उशिरा कळलं. त्यांचे वडील कर्जतकडच्या वाड्यावस्त्यांवर येशूची सुवार्ता सांगत हिंडायचे. त्यांनी बांधलेलं एक भजन होतं, उत्तम शुक्रवारचं, म्हणजे गुड फ्रायडेचं. येशू गेथशेमानेच्या बागेत प्रार्थना करतो आणि शिष्य झोपी जातात, तो प्रसंग. 'जागा रे घटकाभर, माझ्यासंगे जागा' असं धृपद. चाल सगळी पांढऱ्या पट्ट्यांवरची, पण घर पांढरी तीनवर. प्रत्येक ओळ फिरून फिरून त्या सुरावर येऊन टेकायची, आणि टेकताना त्याच्या लगतच्या वरच्या सुरावरून, कोमल रिषभावरून, खाली यायची. खेड्यात वडील ते एकतारीवर म्हणायचे. एकतारीत दुसरा सूरच नाही, त्यामुळे घर कुठे हे कुणाला विचारावं लागत नव्हतं. मग एकतारी गेली, पेटी आली, पेटी जाऊन कीबोर्ड आला. भजन आमच्या चर्चमध्ये टिकलं, दर वर्षी म्हटलं जायचं, मंडळीला पाठ होतं. आणि दर वर्षी चुकीच्या घरात म्हटलं जायचं. ते एकदा, आपल्या डोळ्यांदेखत, त्याच्या खऱ्या घरी म्हटलं जावं, एवढंच सरांना हवं होतं. दुसरं काही मागितल्याचं मला तरी आठवत नाही.

कीबोर्ड वाजवायचा रोहन. सुप्याच्या एमआयडीसीत नोकरी करून शनिवारची संध्याकाळ न चुकता सरावाला देणारा, मोठ्यांना मान देणारा, आवाज न चढवणारा मुलगा. अशा माणसावर रागावणं फार अवघड जातं, आणि म्हणून राग जास्तच येतो. रोहननं काय केलं होतं, तर भजनाच्या सगळ्या पट्ट्या पांढऱ्या पाहून घर पांढरी एकवर धरलं होतं. त्या सुराचा कॉर्ड, म्हणजे तीन सूर एकदम दाबून गाण्याखाली घालायची बैठक, त्यानं पहिल्या ओळीपासून खाली दिला होता. वर गेथशेमानेची बाग आणि खाली वाढदिवस.

"सर, कॉर्ड बसतोय ना पण," एका शनिवारी सरांनी सरावात अडवलं तेव्हा रोहन नम्रपणे म्हणाला.

"बसतोय. पावना कुटंबी बसतो. म्हणून घर त्याचं हुतं व्हय?"

रोहननं फोन काढला. त्यात गाणं ऐकवलं की त्याची पट्टी सांगणारं ॲप होतं. "बघा सर, हे पण सी मेजरच म्हणतंय, म्हणजे पांढरी एक."

"त्याला इचार," सर म्हणाले, "उत्तम शुक्रवारी तू कुटं हुतास म्हणावं."

पोरं हसली. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, मधे पडले. पाळकसाहेब भले गृहस्थ, भांडण दिसलं की लगेच फुंकर घालणारे. "सर, शेवटी भाव महत्त्वाचा. लोक किती भक्तीनं म्हणतात! मंडळीला आवडतं."

"साहेब, भाव त्या सुरात हाय. सूर तुमी हलवला. आता भाव कुटनं आनू, मेडिकलमधनं?"

आणि मग त्यांनी ते केलं. उठून कीबोर्डपाशी गेले, खिशातली काडी काढली आणि पांढरी तीनच्या फटीत खोचली. पेटीच्या लाकडी पट्टीला चालणारी गोष्ट प्लॅस्टिकला चालली नाही. काडी आत मोडली. पट्टी दाबलेली राहिली ती राहिलीच. चर्चच्या तरुण संघानं नवा घेतलेला कीबोर्ड, तो सगळ्यांसमोर एकाच सुरात ओरडत राहिला. रोहन बटणं दाबतोय, कुणी पिन शोधतंय, कुणी 'प्लग काढा' म्हणून ओरडतंय. आणि त्या गोंधळात सर डोळे मिटून उभे होते. "आता म्हणा," ते म्हणाले. "आता म्हणा रे, घर सापडलंय." कुणीही म्हटलं नाही. रोहननं प्लग काढला.

कीबोर्ड दुरुस्तीला पुण्याला गेला. कमिटीची बैठक झाली आणि सरांनी यापुढे सरावाला येण्याची तसदी घेऊ नये, असं त्यांना गोड शब्दांत कळवण्यात आलं. त्यानंतर सर रविवारी शेवटच्या बाकावर बसू लागले. मी त्यांची बाजू घेऊन कमिटीत बोलायला हवं होतं असं लोक पुढे म्हणाले. पण मी काय बोलणार होते? मला फरक ऐकूच येत नव्हता. जे आपल्याला ऐकू येत नाही त्यासाठी भांडायचं कसं, हे मला आजही कळलेलं नाही.

शेवटचा उत्तम शुक्रवार आला तेव्हा सरांचं सामान बांधलेलं होतं. काकूंनंतर एकटे राहतात म्हणून मुलगी त्यांना पिंपरीला घेऊन चालली होती. उपासना बारा ते तीन. एप्रिलचं नगरचं ऊन, पंखे नुसते गरम हवा ढवळत होते, बायका गीतांच्या पुस्तकानं वारा घेत होत्या. सर शेवटच्या बाकावर, मी त्यांच्या पुढच्या. भजनाची वेळ झाली. रोहननं बटण दाबलं, पांढरी एकचा कॉर्ड आला, आणि सगळी मंडळी 'जागा रे घटकाभर' म्हणून उठली.

तेव्हा माझ्या मागून घूं आली. सर गात नव्हते. तोंड मिटून, पांढरी तीनचा सूर धरून बसले होते. तोच एक सूर, एकतारीसारखा, न हलता. श्वास संपला की घ्यायचे आणि पुन्हा तिथेच. या वयात एवढा दम त्यांनी कुठून आणला देव जाणे. बाजूच्या दोन म्हाताऱ्या बायकांना काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनीही तो सूर धरला. मग पलीकडच्या बाकावरच्या एका पुरुषानं. मागची दोन-तीन बाकं घुमायला लागली. वाटलं, आता होतंय. आता रोहनला ऐकू जाईल आणि तो हात उचलेल.

झालं उलटंच. पांढरी तीन हा सूर रोहनच्या कॉर्डमध्येच होता. तीन सुरांपैकी मधला. सर जितका जोर लावत होते तितका तो कॉर्ड भरत गेला, गोल होत गेला, गोड होत गेला. रोहनला मागून आलेली साथ आवडली. त्यानं मान डोलावली आणि आवाज वाढवला. पाळकसाहेबांनी डोळे पुसले. सरांनी आयुष्यभर जपलेला तो एक सूर त्या गोडव्यात साखरेसारखा विरघळून गेला.

आणि शेवटची ओळ आली. 'माझ्यासंगे जागा.' आवाज वरून उतरत उतरत पांढरी तीनवर आले. माझ्या पाठीशी सरांचा सूर होता, त्यावर येऊन ते टेकले. आणि त्याच क्षणी खालून कीबोर्डचा खर्ज आणखी दोन पट्ट्या खाली गेला. अंधारात जिना उतरताना संपला म्हणून पाय टाकावा आणि आणखी एक पायरी निघावी, तसा माझा जीव धस्सकन खाली गेला. मी बाक धरला. इतकी वर्षं माहेर आणि सासर मी तोंडपाठ म्हणून दाखवत होते. आज ते ऐकू आलं, आणि ऐकू आलं ते चुकलेलं.

उपासना सुटल्यावर दारात पाळकीणबाईंनी सरांचे हात हातात घेतले. "सर, आज तुमच्यामुळं काय गोडवा आला हो भजनाला! असंच पहिल्यापासून केलं असतं तर." सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. 'न्हाई'सुद्धा म्हणाले नाहीत.

गेटबाहेर रिक्षा उभी होती. मुलगी आत बसली होती, मांडीवर पेटी. सर पाय आत टाकत होते तेवढ्यात मी पोचले.

"सर, शेवटी खाली गेलं."

"काय गेलं?"

"घर. आपण पांढरी तीनवर येऊन टेकलो, आणि त्यांनी खालून एकवर नेलं. पाय पोकळीत पडल्यासारखा झाला."

सरांनी पाय बाहेर काढला. उन्हात डोळे बारीक करून माझ्याकडे बघत राहिले.

"अंदाजानं सांगतेस?"

"नाही सर. ऐकू आलं."

"आज?" त्यांचा आवाज चढला. "आज ऐकू आलं व्हय तुला? सामान रिक्षात टाकल्यावर?"

मला वाटलं होतं, ते हसतील. डोक्यावर हात ठेवतील. ते संतापले होते. "म्हण," ते म्हणाले. "शेवटची ओळ. रिक्षाचा सूर धर न् म्हण."

रिक्षा चालूच होती, घरघरत. मंडळी बाजूनं जात होती, माझ्या वर्गातली दोन मुलंही त्यात होती. मी त्या घरघरीला सा धरला आणि भर उन्हात, गेटवर उभी राहून म्हणाले, 'माझ्यासंगे जागा'.

"न्हाई! घर आलं, पण येताना रिषभ चढलाय. कोमल हाय तो. खाली घे. पुन्यांदा."

मी पुन्हा म्हणाले. "अजून खाली." पुन्हा म्हणाले. "बाबा, उशीर होतोय," आतून मुलगी म्हणाली. रिक्षावाल्यानं हॉर्न दिला, तर सर त्याच्यावर खेकसले, "सूर मोडू नको रे तिचा!" शेवटी मुलीनं बाही धरून त्यांना आत ओढलं. रिक्षा वळली. मी गातच होते, थांबायला त्यांनी सांगितलं नव्हतं.

त्यांना मी पाहिलं ते तेव्हाच शेवटचं. पावसाळ्यात पिंपरीहून फोन आला, तो त्यांच्या मुलीचा होता. भजन पुढच्या वर्षीही चर्चमध्ये पांढरी एकवरच झालं. रोहनला मी सांगून पाहिलं. त्यानं नम्रपणे ऐकून घेतलं.

पण मला दिसते ती रिक्षा, भिंगारच्या रस्त्यानं नगरकडे निघालेली. तिच्या बाजूनं बाहेर आलेला एक काटकुळा हात, तळवा जमिनीकडे, हवा दाबत खाली, खाली, अजून खाली. कोपऱ्यावरून दिसेनाशी होईपर्यंत तो हात माझ्यावर खूश नव्हता.